पिवळ्या जॅकेटची झडती

धाकटीला राग लवकर यायचा नाही. आला की मात्र लवकर जायचा नाही. सासरी सगळे म्हणायचे, थोरली सून फटकळ आणि धाकटी म्हणजे गरीब गाय. गाय कसली, दिवसभर शिंप्याच्या दुकानात काज-बटणं, तुरपाई आणि लोकांच्या जुन्या कपड्यांची दुरुस्ती करून बाईला मान खाली घालून बसायची सवय लागली होती, एवढंच. लोकांना ती सवय म्हणजेच स्वभाव वाटायचा.

तिची मुलगी सात वर्षांची. तोंडातला घास गिळायच्या ऐवजी गालात साठवून ठेवायची, म्हणून घरात तिला खारू म्हणत. शाळेच्या कार्यक्रमात खारूला जंगलातल्या एका गाण्यात उभं राहायचं होतं. ती झाड नव्हती, झाडाशेजारची मुलगी होती; पण कपडा हिरवाच हवा, असं बाईंनी बजावलं होतं. म्हणून शनिवारी सकाळी मायलेकी सवलतीच्या दुकानात गेल्या.

हे दुकान धाकटीच्या आवडीचं. बड्या कंपन्यांचा उरलेला, परत आलेला, एखादं बटण तिरकं लागलेला माल तिथे निम्म्या-पाव किमतीत मिळायचा. लोक ढिगात हात घालून वरवर उलथापालथ करायचे आणि रंग बघून उचलायचे. धाकटी कपडा आधी उलटा करायची. "कपडा बाहेरून हसतो आणि आतून खरं बोलतो," असं तिच्या दुकानाचे मास्तर म्हणायचे. शिवणीच्या आत कापड किती सोडलंय ते ती बघायची. त्या जादा कापडाला शिंपी लोक माया म्हणतात. माया असली तर कपडा पोराबरोबर वाढतो, नसली तर सहा महिन्यांत फडकं होतो. अशी पारख करून करून तिने खारूला कायम असे कपडे घातले होते, की शाळेतल्या बाया विचारायच्या, कुठून घेता हो? आणि ती सांगायची, ढिगातून.

त्या दिवशी ढिगातून एक गडद हिरवा फ्रॉक निघाला. गोल कॉलर, पुढे दोन खिसे, आतून स्वच्छ शिवण आणि घेराला चांगली तीन बोटं माया. दोष म्हणाल तर पाठीवरची चेन थोडी अडकत होती. चेन बसवणं म्हणजे धाकटीचा डाव्या हातचा मळ. खारूने फ्रॉक अंगाला लावून अशी गिरकी घेतली की शेजारच्या टोपलीतले मोजे खाली सांडले.

मोजे गोळा करताना खारूच ओरडली, "आई, ते बघ! माझं जॅकेट!"

समोरच्या दांडीवर पिवळी जॅकेटं ओळीने लटकली होती. लाकडी बटणं, टोपीला आतून पट्ट्यापट्ट्यांचं अस्तर. खारूच्या अंगात अगदी तेच होतं. मागच्या वाढदिवसाला थोरल्या जावेने दिलेलं. ती ते शहरातल्या सगळ्यात महागड्या दुकानाच्या चकचकीत पिशवीतून घेऊन आली होती, आणि सगळ्यांसमोर म्हणाली होती, "जपून वापरा हं. तिथलं आहे. लेबल मीच कापून टाकलंय, मुलांच्या मानेला टोचतं." सासूबाईंनी ती पिशवीसुद्धा घडी घालून ठेवली होती.

धाकटीला वाटलं, तिथला उरलेला माल असेल, इथे आला असेल. असं होतं. ती वळली, तर दोन दांड्यांपलीकडे थोरली उभी. दोन्ही हातांत मुलांच्या कपड्यांचा भारा, डोळ्यांवर काळा चष्मा. दुकानात.

"अगंबाई! तू इथे?" थोरली दचकली. "मी आपलं... आमच्या कामवालीचा नातू आहे ना, त्याच्यासाठी. लहान आहे बिचारा."

धाकटीच्या नजरेला टेपची गरज नव्हती. वरची पँट बारा वर्षांच्या मुलाची होती, आणि थोरलीचा मुलगा बारा वर्षांचा होता. पण दुसऱ्याची झाकली मूठ आपण कशाला उघडायची? "बरं केलंत, वहिनी," एवढंच म्हणून ती पैसे द्यायच्या रांगेत जाऊन उभी राहिली. थोरलीही थोड्या वेळाने रांगेत आली, पण मधे तिघांना घालून.

बिल झालं, पिशवी हातात आली. दारापाशी पोहोचतात न पोहोचतात तोच तपासणीवाल्या बाईने हात आडवा केला.

"थांबा. मुलीच्या अंगातलं काय ते?"

"जॅकेट."

"ते दिसतंय हो. बिलात नाहीये."

"बिलात कसं असेल? तिचंच आहे. घरून घालून आलीय."

बाईने खारूची कॉलर मागून धरली आणि उलटी केली. "लेबल कुठंय? कापलंय. हे बघा, कापलंय. रोज एक-दोन असे सापडतात आम्हाला. ट्रायल रूममध्ये कात्री चालवायची आणि पोराच्या अंगावर चढवून चालू पडायचं." मग आत तोंड करून तिने हाक मारली, "सर! पिवळ्यातलं एक!"

सर आले. गळ्यात टाय, हातात वॉकीटॉकी, वय असेल तिशीचं. धाकटीकडे त्याने एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं, चपलांवर जरा जास्त वेळ थांबला आणि त्याने मनात निकाल देऊन टाकला.

"मॅडम, इथे गर्दी नको. जॅकेट काढून द्या, विषय संपवू. पोलीसबिलीस काही करत नाही आम्ही."

"विषय कसला संपवता? हे मुलीला वर्षापूर्वी भेट मिळालंय."

"सगळ्यांना भेटच मिळालेलं असतं."

रांगेतलं कुणीतरी फिसकन हसलं. तपासणीवाल्या बाईने तोपर्यंत खारूची दोन बटणं काढलीसुद्धा. खारू आईकडे बघत होती. ओरडली नाही, रडली नाही. उलट आपले हात मागे करून देत होती, म्हणजे बाईला सोपं जावं. शाळेत शिकवतात ना, मोठ्यांचं ऐकावं. आत तिचा घरातला जुना सदरा होता, कोपरावर ठिगळाचा. जॅकेटखाली कुणाला दिसणार, म्हणून धाकटीनेच तो घालू दिला होता. आता तो साऱ्या रांगेला दिसत होता. खारूने एका हाताने दुसरं कोपर झाकून घेतलं.

धाकटी आवाज ताब्यात ठेवून म्हणाली, "ज्यांनी दिलं, त्या इथेच आहेत. माझ्या जाऊबाई. त्यांना विचारा." आणि तिने बोट दाखवलं.

सगळी रांग वळली. थोरलीने काळा चष्मा काढला, पुन्हा घातला.

"वहिनी, सांगा ना यांना. तुम्हीच दिलंत ना हे खारूला?"

"मी?" थोरली म्हणाली. "हो... म्हणजे दिलं होतं काहीतरी. पण ते हेच का ते आता... मुलांचे कपडे सगळे सारखेच दिसतात गं. नक्की आठवत नाही मला."

"कुठून घेतलं होतं, मॅडम?" टायवाल्याने विचारलं. "बिल असेल तर प्रश्नच मिटला."

थोरलीने रांगेकडे पाहिलं. तिच्या पुढे दोन ओळखीच्या बायका असाव्यात, कारण तिने त्यांच्याकडे पाहून अर्धवट हसल्यासारखं केलं. "छे हो, मी इथून कशाला घेईन? मी तर पहिल्यांदाच आलेय," ती म्हणाली. हातातला भारा तिने जवळच्या टोपलीत ठेवला आणि टाचा वाजवत दाराबाहेर निघून गेली.

त्या क्षणी धाकटीला सगळं कळलं. जॅकेट इथलंच होतं. मागच्या वर्षी याच दांडीवरून उचललेलं, लेबल कापलेलं, आणि जपून ठेवलेल्या जुन्या महागड्या पिशवीत घालून आणलेलं. त्याचं तिला काही वाटलं नसतं. स्वस्तात छान मिळालं तर त्यात वावगं काय? पण एक वाक्य, फक्त एक वाक्य बोलायचं होतं त्या बाईला, आणि ते न बोलता ती सात वर्षांच्या पोरीला चोर ठरवून निघून गेली.

"बघितलंत?" तपासणीवाली बाई म्हणाली.

"आता तुम्ही बघा," धाकटी म्हणाली. आवाज तिचा होता, पण तिलाच ओळखू आला नाही. तिने बाईच्या हातातून जॅकेट ओढून घेतलं आणि बिलाच्या टेबलावर आपटलं. "त्या दांडीवरचं एक आणा इकडे. आणा म्हणते ना! याच मापाचं."

कुणीतरी आणलं. तिने दोन्ही शेजारी ठेवली आणि दोघांच्या बाह्या उलट्या केल्या.

"ही तुमची. आत दोन बोटं माया दुमडलेली आहे, दिसते? आणि ही माझ्या मुलीची. माया कुठंय? सोडलीय मी. दोन महिन्यांपूर्वी, पोरीचे हात वाढले म्हणून. जुन्या घडीची रेघ अजून दिसतेय. तुमची शिवण मशीनची आहे, ही हाताची. हा टाका माझा आहे. शिंप्याच्या दुकानात दिवसाला पन्नास काजं करते मी, माझा टाका मला शिकवू नका. आता खिसा बघा. अस्तर फाटलं होतं, निळं कापड लावलंय. आणि हे काय आहे?" तिने खिशातून मूठ बाहेर काढली. पेन्सिलचं टोक, एक गोटी, अर्धं बिस्कीट. "तुमच्या दांडीवरच्या जॅकेटात बिस्किटं घालून देता का तुम्ही?"

बिल करणारी मुलगी पुढे वाकली. "सर," ती हळूच म्हणाली, "हे धुतलेलं आहे. साबणाचा वास येतोय." टायवाल्याने तिच्याकडे असं पाहिलं की ती पुन्हा यंत्रात बघायला लागली.

"ठीक आहे, मॅडम," तो म्हणाला. "गैरसमज झाला. होतं असं. चोऱ्या फार होतात, आमच्या लोकांना सावध राहावंच लागतं. तुम्हाला पुढच्या खरेदीवर वीस टक्के सूट देतो. कूपन दे गं यांना."

"सूट मागितली मी?"

"मग काय पाहिजे तुम्हाला?"

"तिची माफी मागा."

"मी म्हटलं ना, गैरसमज..."

"ते मला म्हणालात. कपडे तिचे काढलेत, माझे नाहीत. तिला म्हणा. आणि चोर म्हणताना जेवढ्या मोठ्याने म्हणालात ना, तेवढ्याच मोठ्याने."

टायवाला हसला. तेच चुकलं त्याचं. धाकटीने खारूला जॅकेट घातलं, सगळी बटणं गळ्यापर्यंत लावली, तिला जवळ घेतलं आणि बाहेर जायच्या अरुंद वाटेत चक्क फरशीवर बसकण मारली. मागे लोकांच्या ढकलगाड्या तुंबल्या. कुणी म्हणालं, "अहो बाई, आम्हाला घरी जायचंय." कुणी म्हणालं, "काय तमाशा आहे!" धाकटी मान वर करून म्हणाली, "मलाही घरी जायचंय. त्यांना सांगा." एक म्हातारे गृहस्थ टायवाल्याला म्हणाले, "अरे, मागून टाक ना माफी, तुझ्या बापाचं काय जातंय?" तेव्हा कुठे रांगेतला वारा फिरला.

छतावरच्या कर्ण्यातून मोठ्याने गाणी चालली होती, मधूनमधून 'दोन घ्या, तिसरा मोफत' चालू होतं. ते अचानक बंद पडलं. बिल करणाऱ्या मुलीचा हात टेबलाखालच्या बटणावर होता. ती मात्र दुसरीकडेच बघत होती. एवढ्या मोठ्या दुकानात एकदम शांतता पसरली.

टायवाला उकिडवा बसला. "बेटा, सॉरी हं."

"कशाबद्दल ते सांगा," धाकटी म्हणाली.

त्याचा जबडा हलला. "जॅकेट तुझंच आहे. तू काही चोरलेलं नाहीस. आमची चूक झाली."

"आणि तुम्ही?" धाकटीने तपासणीवालीकडे पाहिलं. ती बाई म्हणाली, "मला सांगितलंय तसं मी करते, ताई. दिवसभर उभी असते मी." मग खारूकडे बघून पुटपुटली, "चुकलं गं माझं." ही माफी पहिलीपेक्षा खरी वाटली.

धाकटी उठली. तिने फ्रॉकची पिशवी टेबलावर टाकली. "हाही परत घ्या. तुमच्या दारातली धूळसुद्धा नको मला."

आणि इतका वेळ न रडलेली खारू भोकाड पसरून रडायला लागली.

"अगं, काय झालं?"

"आई, पण फ्रॉकनं काय केलंय?"

मागच्या रांगेत दोघं-तिघं हसली. धाकटीला हसू आलं नाही, पण तिने पिशवी उचलली आणि कूपन तिथेच ठेवून ती बाहेर पडली.

थोरली कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापाशी थांबली होती. "झालं का गं मिटलं?" ती लगबगीने पुढे आली. "मला म्हणजे काही सुचेचना. माझ्या पुढे कोण होतं माहितीये? यांच्या साहेबांची बायको. तिच्यासमोर मी काय सांगणार? घरी काही बोलू नकोस हं. उगाच सासूबाईंना..."

"वहिनी," धाकटी म्हणाली, "कपडा स्वस्तात घेतला याची तुम्हाला लाज वाटली. पोरीला माणसांसमोर उघडं केलं, त्याची वाटली नाही?"

"उघडं काय, आत सदरा होता की."

धाकटीचा हात शिवशिवला. तिने तो खारूच्या हातात दिला आणि रस्ता ओलांडला.

संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला. "काय गं, भर दुकानात फतकल मारून बसलीस म्हणे? थोरली सांगत होती, लाजेनं मेले म्हणून." शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्याने हळूच विचारलं, "जाऊ दे ना आता?" तिने फोन कानाला घट्ट लावला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. जॅकेट कुठलं, पिशवी कुठली, कोण काय बोललं, कोण काय बोललं नाही. काही वाढवलं नाही, काही वगळलंही नाही. सासूबाई म्हणाल्या, "माझा कुकर चालू आहे," आणि फोन ठेवला.

मंगळवारी दुपारी थोरली शिंप्याच्या दुकानात आली. आजवर ती तिथे कधी आली नव्हती. मास्तरांनी तिला गिऱ्हाईक समजून स्टूल दिलं. खारू कापडं कापायच्या टेबलाखाली बसून पाढे मोठ्याने म्हणत लिहीत होती.

"सासूबाई माझ्याशी बोलत नाहीयेत," थोरली म्हणाली.

"मग माझ्याकडे काय काम?"

"रागावली आहेस."

"हो."

थोरली स्टुलावर बसली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "मी लग्न होऊन आले ना, तेव्हा सासूबाईंनी माझ्या माहेरच्या साड्या सगळ्या बायकांसमोर उलगडून दाखवल्या. म्हणाल्या, हे उरलंसुरलं बाजारातलं दिसतंय. वीस वर्षं झाली. तेव्हापासून मी... त्या दुकानाच्या अकरा पिशव्या आहेत माझ्याकडे. आत एकदाच गेले असेन. बाकीच्या मैत्रिणींकडून मागून घेतल्यात."

धाकटीने दोरा दाताने तोडला. हे तिला माहीत नव्हतं. सासूबाई असं करू शकतात हे मात्र सहज पटलं. तिला कणव आली, आणि त्या कणवेचाच तिला जास्त संताप आला. म्हणजे आता रागावायचीही चोरी की काय?

"वहिनी, तुम्हाला वीस वर्षं झाली तरी ते आठवतंय," ती म्हणाली. "मग खारूला किती वर्षं आठवेल? मला कशाला सांगता हे? तिला सांगा."

"ती लहान आहे गं. विसरली असेल."

टेबलाखालचा पाढ्यांचा आवाज बंद झाला होता.

थोरली स्टुलावरून उठली. गुडघे धरत खाली बसली, इस्त्रीची साडी दोऱ्यांच्या कचऱ्यात. मास्तरांनी मशीन थांबवली आणि ते उगाच खिडकीबाहेर बघायला लागले.

"खारू, मला आठवत होतं," ती म्हणाली. "जॅकेट मीच दिलं होतं. त्याच दुकानातून. मी खोटं बोलले."

"का?" खारूने विचारलं.

"घाबरले."

खारूने थोडा विचार केला. "मी पण घाबरले होते, मोठी काकू," ती म्हणाली. "पण मी खोटं नाही बोलले."

थोरली साडीला चिकटलेले दोरे एकेक करून काढत तिथेच बसून राहिली. धाकटीने तिला उठायला हात दिला नाही, आणि जा असंही म्हटलं नाही. तिने समोरच्या सदऱ्याचं पुढचं काज धरलं आणि सुई कापडात घातली, इतक्या जोराने की ती पलीकडे बोटात गेली. मास्तर म्हणाले, "अगं, हळू." ती म्हणाली, "नाही जमत आज."